चालक-साहाय्यक यंत्रणा, जुन्या विद्युत् मोटारगाडीतील

मोटारगाडी चालविताना पुढील वाहन, पादचारी, रस्त्यावरील पट्टे, वेगमर्यादा इत्यादींची दखल घेऊन चालकास वेळीच इशारा देणाऱ्या अथवा त्याच्या वतीने गाडीचा वेग, ब्रेक वा सुकाणू यांवर मर्यादित नियंत्रण ठेवणाऱ्या साधनसमूहास ‘चालक-साहाय्यक यंत्रणा’ असे म्हणतात. ही यंत्रणा सामान्यतः कारखान्यातच गाडीच्या रचनेचा एक भाग म्हणून बसविलेली असते. जी गाडी अशा यंत्रणेविना तयार झाली, तीत ती मागाहून बसविण्याच्या क्रियेस ‘पश्चात्-जोडणी’ म्हणता येईल. प्रस्तुत नोंदीत जुन्या विद्युत् मोटारगाडीतील पश्चात्-जोडणीचा तांत्रिक विचार केला असून, तिच्या व्यवहारातील उपयोगासाठी नागपूर शहराचे व विशेषतः तेथील सीताबर्डी या मध्यवर्ती भागाचे उदाहरण घेतले आहे.

विद्युत् मोटारगाडी आवाज फारसा करीत नाही. त्यामुळे मंद वेगाने येणाऱ्या गाडीची चाहूल पादचाऱ्यास लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने अशा निःशब्द वाहनांना कृत्रिम ध्वनी देण्याविषयीचा नियम २०१६ मध्ये केला. त्यापूर्वीच्या गाड्यांत ही सोय सहसा नसते. ज्या गाडीची चाहूल लागत नाही तिच्या चालकावर सावधगिरीचा भार अधिक पडतो. जुन्या विद्युत् गाडीच्या बाबतीत चालक-साहाय्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरण्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण व्यापक आहे. २०२२ या वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. नव्या गाड्या कितीही सुरक्षित झाल्या, तरी रस्त्यावरील बहुसंख्य वाहने जुनीच असतात व ती दहा-पंधरा वर्षे वापरात राहतात.

ऐतिहासिक आढावा : चालकाचे काम हलके करणारे पहिले महत्त्वाचे साधन म्हणजे वेग स्थिर राखणारी यंत्रणा होय. राल्फ टीटर या अंध अमेरिकन अभियंत्यास तिचे एकस्व १९५० मध्ये मिळाले व १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने ती आपल्या गाडीत बसविली. चाके जखडू न देणारी इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा बॉश कंपनीने १९७८ मध्ये व्यवहारात आणली आणि गाडीचा तोल सावरणारी स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा १९९५ मध्ये प्रचारात आली. पुढील गाडीपासूनचे अंतर मोजून इशारा देणारे लेसर साधन मित्सुबिशी कंपनीने १९९२ मध्ये वापरले, तर मर्सेडीझ-बेंझ कंपनीने १९९९ मध्ये रडारच्या साहाय्याने अंतर राखणारी यंत्रणा आणली. शहरी वेगात आपोआप ब्रेक लावणारी व्हॉल्व्हो कंपनीची यंत्रणा २००८ मधील आहे.

या सर्व यंत्रणा कारखान्यातच बसविल्या जात. पश्चात्-जोडणीचा मार्ग खुला झाला तो एकाच कॅमेऱ्यावर चालणाऱ्या साधनामुळे. १९९९ मध्ये जेरूसलेम येथे स्थापन झालेल्या मोबिलआय या कंपनीने पुढच्या काचेच्या आतील बाजूस चिकटविता येणारे व केवळ इशारा देणारे साधन विकसित केले. ही कंपनी २०१७ मध्ये इंटेल या अमेरिकन कंपनीने विकत घेतली. २०१६ मध्ये ओपनपायलट ही सर्वांस खुली असलेली संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध झाली. तिच्या साहाय्याने वेग व सुकाणू यांचे नियंत्रणही मागाहून जोडलेल्या साधनाकडे देता येते. मात्र ज्या गाडीत विद्युत् संकेताने चालणारे सुकाणू व वेगनियंत्रण मुळातच आहे, तिलाच ती लागू पडते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

भारतातील जुन्या विद्युत् मोटारगाड्या : बंगलोर येथील रेव्हा ही दोन दारांची छोटी गाडी २००१ मध्ये बाजारात आली. सहा व्होल्टच्या आठ शिसे-अम्ल बॅटऱ्यांची एकसरी जोडणी करून तीत ४८ व्होल्ट दाब मिळविला जाई. २०१० मध्ये महिंद्र अँड महिंद्र कंपनीने या उद्योगाचा ताबा घेतला. २०१३ मध्ये लिथियम-आयन बॅटरीची ‘ई टू ओ’ व २०१६ मध्ये तिची चार दारांची ‘ई टू ओ प्लस’ ही आवृत्ती निघाली. हिच्या वेगवेगळ्या प्रकारांत ४८ वा ७२ व्होल्ट दाबाची बॅटरी असे. त्याच वर्षी ‘ई व्हेरिटो’ ही मोठी गाडी आली.

मे २०१७ मध्ये नागपूर येथे ओला व महिंद्र या कंपन्यांनी विद्युत् वाहनांची सार्वजनिक भाडेसेवा सुरू केली. सु. २०० वाहनांच्या या उपक्रमात ‘ई टू ओ प्लस’ गाड्यांचा मोठा वाटा होता, आणि देशात विद्युत् टॅक्सींचा एवढा संघटित प्रयोग प्रथमच होत होता. त्या पिढीतील गाड्यांत आज दुय्यम बाजारात मिळणाऱ्या गाड्यांचाही समावेश होतो. नव्या मोटारगाड्यांसाठी चाके जखडू न देणारी ब्रेक यंत्रणा एप्रिल २०१९ पासून, तर चालकासमोरील हवापिशवी, वेगाचा इशारा व मागील बाजूचे अंतरसंवेदक जुलै २०१९ पासून देशात सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या अनेक गाड्या या सोयींविना आहेत.

संवेदक : पश्चात्-जोडणीत मुख्यत्वे तीन प्रकारचे संवेदक वापरतात.

(१) कॅमेरा : एकाच कॅमेऱ्याने अंतर मोजण्याचे तत्त्व साध्या भूमितीवर आधारलेले आहे. रस्ता सपाट मानल्यास पुढील वाहनाची चाके रस्त्यास जेथे टेकतात तो बिंदू प्रतिमेत क्षितिजरेषेच्या जितका खाली, तितके ते वाहन जवळ. कॅमेऱ्याची उंची १·३ मी. व भिंगाचे केंद्रांतर १,००० चित्रबिंदूंइतके असल्यास, क्षितिजाच्या ६५ चित्रबिंदू खाली दिसणारा स्पर्शबिंदू २० मी. अंतरावर असतो, ४० मी.साठी हा आकडा ३२·५ इतका येतो. एका चित्रबिंदूची चूक २० मी.वर सु. ३० सेंमी., ४० मी.वर सु. सव्वा मीटर आणि ८० मी.वर जवळजवळ ५ मी. इतकी होते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते.

टक्कर होण्यास उरलेला वेळ काढण्यासाठी मात्र अंतर माहीत असण्याची गरज नसते. पुढील वाहनाची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते, एवढे पुरते. उदा., प्रतिमेची रुंदी एकदशांश सेकंदात ५० वरून ५१ चित्रबिंदू झाली, तर वाढ दर सेकंदास २० टक्के आहे. सापेक्ष वेग बदलला नाही, तर टक्कर सु. ५ सेकंदांनी होईल. हाच हिशेब कॅमेऱ्यावरील इशाऱ्याचा पाया आहे.

(२) रडार : मोटारगाड्यांतील रडार ७६ ते ७७ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालते, तरंगलांबी सु. ४ मिमी. असते. परावर्तित तरंगाच्या कंप्रतेतील बदलावरून सापेक्ष वेग थेट मिळतो. धुके, पाऊस व अंधार यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. भारतात या कंप्रतापट्ट्यातील अल्पशक्तीच्या वाहन-रडारला २०१५ मध्ये परवान्यातून सूट देण्यात आली. मात्र रडारला वस्तूचा आकार नीट कळत नाही. रस्त्याकडेचा लोखंडी कठडा व थांबलेले वाहन यांतील फरक ओळखण्यास त्यास कॅमेऱ्याची जोड लागते.

(३) श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक : गाडी मागे घेताना उपयोगी पडणारा हा संवेदक सु. ४० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचा ध्वनी सोडून प्रतिध्वनीस लागणारा वेळ मोजतो. ध्वनीचा वेग २०° से. तापमानास दर सेकंदास ३४३ मी. असतो, तर ४५° से.ला तो सु. ३५८ मी. होतो. तापमानाचे समायोजन नसलेला संवेदक नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी २ मी. अंतर सु. ८ सेंमी. कमी दाखवील. ही चूक सुरक्षिततेच्या बाजूची आहे. थंडीतील पहाटे १०° से.ला ती उलट दिशेने, म्हणजे सु. ४ सेंमी. जास्त अंतर दाखविणारी होते.

इशारा व नियंत्रण : साहाय्यक यंत्रणांचे दोन स्पष्ट वर्ग पडतात. पहिला वर्ग केवळ इशारा देतो. ब्रेक लावणे वा वळविणे हे चालकाचेच काम राहते. दुसरा वर्ग स्वतः कृती करतो. पश्चात्-जोडणीच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे.

इशाऱ्याचे मोल पुढील हिशेबावरून ध्यानात येईल. ताशी ५० किमी. वेगाने जाणारी गाडी सेकंदास १३·९ मी. अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ती सु. २१ मी. पुढे जाते. त्यानंतर दर सेकंदास ६ मी./से. इतक्या मंदनाने थांबण्यास आणखी सु. १६ मी. लागतात. इशाऱ्यामुळे चालकाने अर्धा सेकंद आधी ब्रेक दाबला, तर ७ मी. अंतर वाचते. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याच्या बाबतीत ७ मी. म्हणजे अपघात होणे व न होणे यांतील अंतर असू शकते.

स्वयंचलित ब्रेकची गोष्ट वेगळी आहे. चालकाचा पाय ब्रेकवर नसताना ब्रेकच्या नळ्यांत द्रवाचा दाब निर्माण करावयाचा, तर त्यासाठी स्थैर्य-नियंत्रण यंत्रणेतील पंप व झडपा लागतात. चाके जखडू न देणारी यंत्रणा एकटी असेल, तर ती चालकाने निर्माण केलेला दाब कमी करून पुन्हा सोडू शकते, नव्याने निर्माण करू शकत नाही. जुन्या छोट्या विद्युत् गाडीत बहुधा या दोन्ही नसतात. ब्रेकचा पट्टा चलित्राने ओढण्याचे प्रयोग हौशी मंडळी करतात. परंतु असे चलित्र अडकले वा नको तेव्हा चालले, तर चाके जखडून गाडी घसरते किंवा मागील वाहन येऊन आदळते. तोच प्रकार सुकाणूचा आहे.

विद्युत् गाडीत मात्र एक मोह विशेष असतो. तिच्या प्रवेगक पट्ट्याची व चलित्राची जोडणी मुळातच तारेतून जाणाऱ्या विद्युत् संकेताची असते. पेट्रोलच्या जुन्या गाडीतील लोखंडी तारेसारखी ती यांत्रिक नसते. हा संकेत मध्येच अडवून चलित्राची शक्ती कमी करणे तांत्रिक दृष्ट्या सोपे आहे. पट्टा सोडताच चलित्र जनित्राप्रमाणे चालून गाडीस थोडे मंदनही देते. म्हणून एवढ्यावर टक्कर टाळता येईल, असा समज होतो. पण तो आकड्यांस उतरत नाही. केवळ जनित्रक्रियेने दर सेकंदास १ मी./से. मंदन मिळते असे धरल्यास ताशी ५० किमी. वेगावरून थांबण्यास सु. ९६ मी. लागतील, पायाने दाबलेल्या ब्रेकने लागणाऱ्या अंतराच्या ते सहापट आहे. उलटपक्षी संकेताच्या मार्गात बसविलेला जोड सैल झाला वा बिघडला, तर गाडी अकस्मात वेग घेण्याचा धोका उत्पन्न होतो. लाभ अल्प व धोका मोठा, असा हा व्यवहार आहे.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा की, जुन्या विद्युत् गाडीत इशारा देणाऱ्या साधनांची पश्चात्-जोडणी करणे योग्य व उपयुक्त आहे. नियंत्रण करणाऱ्या साधनांची जोडणी, गाडीत त्यासाठी लागणारी मूळ यंत्रणा नसल्यास, करू नये.

विद्युत् पुरवठा : विद्युत् गाडीत मोठी बॅटरी आहे, तेव्हा साधनास पुरवठ्याची चिंता नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः अशा गाडीत दोन स्वतंत्र मंडले असतात : चलित्रास शक्ती देणारे ४८, ७२ वा अधिक व्होल्टचे मुख्य मंडल, आणि दिवे, भोंगा, पुसणी इत्यादींसाठी १२ व्होल्टचे साहाय्यक मंडल. दुसऱ्यातील छोटी बॅटरी मुख्य बॅटरीतून एकदिश दाब-रूपांतरकाच्या द्वारे भरली जाते. साधनाचा पुरवठा याच मंडलातून, स्वतंत्र फ्यूज घालून व चावी फिरविल्यावरच सुरू होईल अशा तारेवरून घ्यावा.

मुख्य बॅटरीतील काही घटांवरूनच १२ व्होल्ट काढून घेण्याची पळवाट काही वेळा अवलंबिली जाते, उदा., सहा व्होल्टच्या आठपैकी दोन बॅटऱ्यांवरून. असे केल्याने त्या दोन बॅटऱ्या इतरांपेक्षा अधिक रिकाम्या होतात, भरताना मागे पडतात आणि अखेरीस संपूर्ण माला त्यांच्यामुळे निकामी होते. शिवाय मुख्य मंडल सामान्यतः गाडीच्या सांगाड्यापासून विलग ठेवलेले असते; असा फाटा काढल्याने ते विलगीकरण नाहीसे होते. ६० व्होल्टपेक्षा अधिक एकदिश दाब आंतरराष्ट्रीय नियमांत उच्च दाब मानला जातो. ७२ व्होल्टची गाडी या वर्गात येते, तेव्हा तिच्या मुख्य मंडलास प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी हात लावू नये.

साधनाचा खप किती, हेही पाहण्यासारखे आहे. कॅमेरा, संगणक व रडार मिळून ३० वॉट घेतात असे धरल्यास दोन तासांच्या प्रवासात ६० वॉट-तास ऊर्जा लागेल. दर किमी.ला १०० वॉट-तास लागणाऱ्या छोट्या गाडीचा पल्ला यामुळे जेमतेम ६०० मी. कमी होईल. चालत्या गाडीत हा प्रश्न नगण्य होय. उभ्या गाडीत मात्र अवघे ५ वॉट घेणारे साधन चालू राहिले, तर १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-तासांची साहाय्यक बॅटरी साडेतीन दिवसांत पूर्ण रिकामी होते. मग मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. कारण मुख्य मंडल जोडणारा स्विच याच छोट्या बॅटरीवर चालतो.

आणखी एक अडचण विद्युत् व्यत्ययाची असते. चलित्राचा नियंत्रक प्रवाह सेकंदास हजारो वेळा चालू-बंद करतो. त्यामुळे जवळच्या तारांत नको असलेले स्पंद उत्पन्न होतात. संवेदकाच्या तारा मुख्य तारांना समांतर न नेता दूर ठेवाव्यात व ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात. रिव्हर्स कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रवेग घेताना आडव्या रेषा दिसू लागल्यास कारण बहुधा हेच असते.

जोडणी व अंशांकन : इशारा देणाऱ्या साधनास गाडीचा वेग, दिशादर्शक दिव्यांची व ब्रेकच्या दिव्याची स्थिती कळावी लागते. नव्या गाड्यांत ही माहिती समाईक संदेशवाहिनीवर उपलब्ध असते. जुन्या गाडीत त्या त्या तारेवरून ती वेगळी घ्यावी लागते किंवा वेगासाठी उपग्रहीय स्थाननिर्धारणाचा आधार घ्यावा लागतो. माहिती नुसती वाचावी. संदेशवाहिनीवर साधनाने स्वतःचे संदेश सोडू नयेत. येथेही विद्युत् गाडीचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे लागते. पट्टा सोडून जनित्रक्रियेने गाडी मंद होत असताना ब्रेकचा दिवा लागेलच असे नाही. तेव्हा केवळ त्या दिव्यावर विसंबणारे साधन, चालक सावध असूनही, इशारा देत राहते.

कॅमेऱ्याचा रोख अचूक असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. वरील उदाहरणातील कॅमेरा एक अंशाने कलला, तर प्रतिमा सु. १७ चित्रबिंदू सरकते. मग ४० मी.वरील वाहन कलाच्या दिशेनुसार २६ मी.वर अथवा ८० मी.च्याही पलीकडे असल्याचे साधन समजते. म्हणून साधन बसविल्यावर, काच बदलल्यावर, तसेच चाकांचा वा कमानींचा आकार बदलल्यावर अंशांकन पुन्हा करावे. सपाट जागेवर, टायरांत योग्य दाब व नेहमीचे वजन असताना, मोजलेल्या अंतरावर ठेवलेल्या खुणेच्या साहाय्याने ते करतात. काचेवर गडद कागद चिकटविलेला असल्यास कॅमेऱ्यास पुरेसा प्रकाश मिळत नाही. नियमानुसारही पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश जाणे आवश्यक आहे.

उष्णता ही विदर्भातील खास अडचण आहे. नागपूर येथे उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या काचेलगत ते त्याहून कितीतरी अधिक असते. घरगुती वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सामान्यतः ३५° ते ४०° से.पर्यंतच्या भोवतालासाठी असतात. मोटारगाडीसाठी खास बनविलेली साधने ८५° से. वा अधिक तापमानास टिकतील अशी असतात. म्हणून भ्रमणध्वनीचा कॅमेरा साहाय्यक म्हणून काचेवर लावणे येथे उपयोगाचे नाही. अंतर्गत लिथियम बॅटरी असलेले साधनही टाळावे. धारित्रावर चालणारे घ्यावे.

नागपूरचा प्रयोग : पश्चात्-जोडणीचा मोठ्या प्रमाणावरील भारतीय प्रयोग नागपूर येथेच झाला. ‘आय-रास्ते’ या नावाचा हा प्रकल्प सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. नवी दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था व तेथील उपयोजित कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधन केंद्र, नागपूर महानगरपालिका, आणि उद्योगांपैकी इंटेल व महिंद्र यांचा त्यात सहभाग होता. महानगरपालिकेच्या शहर बसगाड्यांत टक्कर-इशारा देणारी साधने बसविण्यात आली. येथे वाहने मोटारगाड्या नसून बसगाड्या होत्या. तथापि आधीच वापरात असलेल्या वाहनात, त्याच्या ब्रेक-सुकाणूस हात न लावता, केवळ इशारा देणारे साधन जोडणे हे तत्त्व तेच होते.

या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे की, साधनाने दिलेले इशारे चालकापुरते न ठेवता त्यांची स्थळवार नोंद केली गेली. महामार्गाच्या सु. ५०० मी. लांबीच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले अथवा दहा मृत्यू झाले, तर त्यास शासकीय व्याख्येनुसार अपघातप्रवण स्थळ म्हणतात. म्हणजे स्थळ धोक्याचे ठरण्यासाठी आधी माणसे दगावावी लागतात. ज्या ठिकाणी टक्कर थोडक्यात टळली अशा इशाऱ्यांची दाटी होते, ते ठिकाण अजून अपघातप्रवण ठरलेले नसले, तरी त्या वाटेवर असते. अशी ठिकाणे आधीच हेरून तेथील वळण, दिवे, पट्टे वा दुभाजक सुधारणे हे या प्रकल्पाचे दुसरे उद्दिष्ट होय. अशा रीतीने जुन्या वाहनातील साधन हे रस्त्याच्या तपासणीचेही साधन बनते.

सीताबर्डीतील रहदारी : साधनाची खरी परीक्षा सीताबर्डीसारख्या ठिकाणी होते. व्हरायटी चौक, झाशी राणी चौक व मुंजे चौक यांच्या परिसरात वर्धा मार्गाची वाहतूक, मोरभवन स्थानकाच्या बसगाड्या, बाजारपेठेतील गिऱ्हाइके, हातगाड्या व फेरीवाले एकत्र येतात. नागपूर मेट्रोच्या दोन मार्गांचे अदलाबदल स्थानक मुंजे चौकाशी असल्यामुळे पायी येणाऱ्या-जाणाऱ्यांची भर पडते, आणि उन्नत मार्गाचे खांब दृष्टीआड कोपरे निर्माण करतात.

ताशी २० किमी. वेगाने चाललेल्या गाडीपुढे येथे ३ मी. जागा असणे नित्याचे आहे. वेळेच्या भाषेत हे अंतर सु. अर्ध्या सेकंदाचे होते. ‘अंतर कमी’ असा इशारा देणारे साधन अशा वेळी अखंड वाजत राहील, आणि सतत वाजणारा इशारा चालक ऐकेनासा होतो. म्हणूनच अनेक साधनांत हा इशारा ताशी सु. ३० किमी.च्या खाली व पट्टा ओलांडल्याचा इशारा ताशी सु. ५५ किमी.च्या खाली बंद ठेवलेला असतो. परिणामी सीताबर्डीत उपयोगी पडतात ते दोनच इशारे : मंद वेगातील टक्करीचा व पादचाऱ्याचा. काही साधनांत पादचाऱ्याचा इशारा केवळ दिवसाउजेडी चालतो. बाजारातील संध्याकाळची गर्दी पाहता खरेदीपूर्वी हे तपासून घेणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न ओळखीचा आहे. परदेशी रस्त्यांवरील चित्रांनी शिकविलेल्या संगणकास सायकल-रिक्षा, तिघे बसलेली दुचाकी, रस्त्यात बसलेली गाय किंवा ऊस लादलेली बैलगाडी यांची ओळख पटेलच असे नाही. ही उणीव दूर करण्यासाठी हैदराबाद येथील उपरोक्त माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हैदराबाद व बंगलोर येथील रस्त्यांची १०,००० चित्रे, त्यांतील वस्तूंची ३४ वर्गांत विभागणी करून, प्रसिद्ध केली. ऑटोरिक्षा व जनावरे यांना त्यात स्वतंत्र वर्ग आहेत.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. काचेवर चिकटविलेला कॅमेरा वा इशारा देणारा भोंगा यांनी नोंदणीचा तपशील बदलत नाही. ब्रेक, सुकाणू व प्रवेगक यांतील फेरफार मात्र गाडीच्या मंजूर रचनेस हात घालतो. अशा गाडीस अपघात झाल्यास विमा व दायित्व यांचे प्रश्न उभे राहतात. यंत्रणा कोणतीही असो, इशारा देणाऱ्या वर्गात वाहन चालविण्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच असते. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच या आंतरराष्ट्रीय श्रेणीत अशा गाडीची गणना शून्य पायरीवरच होते.

युरोपीय संघात आपोआप लागणारे ब्रेक व वेगमर्यादेचा इशारा जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांना सक्तीचे झाले. भारतात बसगाड्या, मालमोटारी यांसारख्या मोठ्या वाहनांसाठी अशा यंत्रणांच्या सक्तीचा मसुदा केंद्र शासनाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही ठिकाणी नियमांचा रोख नव्या वाहनांकडे आहे.

मूल्यमापन : जुन्या विद्युत् गाडीच्या मालकाने खर्चाचा क्रम लावताना आधी टायर, ब्रेक, दिवे व साहाय्यक बॅटरी सुस्थितीत आणावी, नंतर मागील अंतरसंवेदक व कॅमेरा, आणि त्यानंतर पुढील टक्कर व पादचारी यांचा इशारा देणारे साधन घ्यावे. इशाऱ्याने वाचलेले ७ मी. गुळगुळीत टायरांमुळे वाया जाऊ शकतात. साधन घेतल्यावर पहिले काही आठवडे किती इशारे खरे व किती खोटे येतात, हे पाहून त्याची संवेदनक्षमता जुळवावी. खोट्या इशाऱ्यांना कंटाळून ते बंद करून ठेवणे म्हणजे ते नसल्यासारखेच आहे.

चालकाच्या सवयीतही बदल संभवतो. साधन आहे म्हणून लक्ष ढिले झाले, तर इशाऱ्याने मिळणारा अर्धा सेकंद निष्काळजीपणात खर्ची पडतो. गाडीच्या आत बसलेल्यास हवापिशवी व पट्टा यांचे संरक्षण असते. बाहेरच्या पादचाऱ्यास ते नसते. चालक-साहाय्यक साधनांपैकी त्याच्या उपयोगी पडणारे साधन म्हणजे पादचाऱ्याचा इशारा. तो वेळेवर मिळणे व चालकाने तो मानणे, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच पश्चात्-जोडणीचा हेतू सफल होतो.